दूरच्या मशीनवर कमांड चालवताना: ती कुठे उलगडते, कुठे चालते, आणि मध्येच तार तुटली तर?

घाटवाट

मी कोल्हापुरात बसून एका पतसंस्थेच्या चौदा शाखांची मशीनं सांभाळतो. निम्म्या शाखा घाटाखाली आहेत. प्रत्येक शाखेत एक लिनक्सचं मशीन, आणि माझं सगळं काम एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर कूटलेखन केलेल्या जोडणीतून लॉगिन होऊन कमांड देण्याच्या सोयीवरून. दोन आठवड्यांपूर्वी जे झालं त्यानंतर हा धागा काढायचाच असं ठरवलं होतं.

दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री मी वैभववाडीच्या बाजूच्या एका शाखेत लॉगिन होतो. फायरवॉलचे, म्हणजे बाहेरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारे, नियम वर्षानुवर्षं साठत आले होते. सगळे पुसून नव्याने लिहू, म्हणून आयपीटेबल्सला (लिनक्सवर हे नियम सांभाळणारा प्रोग्राम) 'फ्लश' सांगितलं आणि एंटर दाबलं. प्रॉम्प्ट परत आला नाही. मी टाईप करत होतो आणि पडद्यावर अक्षर उमटत नव्हतं. तीस-चाळीस सेकंदांनी काय झालं ते लक्षात आलं. फ्लशने नियम पुसले जातात, पण साखळीचं मूळ धोरण तसंच राहतं, आणि त्या मशीनवर ते 'ड्रॉप' होतं. म्हणजे बावीस नंबरच्या पोर्टवर (एसएसएचचं दार) मला आत घेणारा नियम गेला आणि 'बाकी सगळं अडवा' एवढंच उरलं.

शाखा सोमवारपर्यंत बंद. रविवारी रात्री सगळ्या शाखांचा हिशेब एकत्र व्हायचा होता. शनिवारी सकाळच्या गाडीने गगनबावड्यावरून घाट उतरलो, शाखाधिकाऱ्यांना घरून बोलावून शटर उघडायला लावलं. मशीन बंद करून चालू केलं. तीन मिनिटांत सगळं पूर्ववत, कारण डिस्कवर जुनेच नियम साठवलेले होते आणि चालू होताना ते परत भरले गेले. एवढा घाट उतरून मी एक बटण दाबलं. ते बटण दाबायची सोय मला रात्रीच, कमांड देण्याआधी एका ओळीत करून ठेवता आली असती.

कीज (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फायली) कशा बनवायच्या, पुटी (विंडोजवरचा एसएसएचचा प्रोग्राम) कसं वापरायचं हे सगळीकडे मिळतं. मला इथे त्याच्या पुढचं बोलायचं आहे. दूर कमांड पाठवताना ती आधी कुठल्या शेलमध्ये (टाईप केलेली ओळ वाचून चालवणारा प्रोग्राम) उलगडते, मग खरोखर कुठे चालते आणि मध्येच संपर्क तुटला तर तिचं काय होतं, या तीन गोष्टी माहीत नसतील तर एसएसएच येऊनही माणूस अंधारात चालतो. ज्याने त्याने आपला अनुभव लिहावा.

कोरी_पाटी

धागा वेळेवर आला. मी नुकताच कामाला लागलोय. 'कुठे उलगडते' म्हणजे काय ते जरा फोडून सांगाल का? मला वाटायचं एसएसएच, मशीनचं नाव आणि पुढे कमांड लिहिली की ती तिकडे जाते, बस्स.

घाटवाट

तिथेच घोटाळा आहे. तुम्ही एंटर दाबता तेव्हा ती ओळ आधी तुमच्या समोरच्या मशीनचा शेल वाचतो. उरेल ते एसएसएच तिकडे पाठवतं आणि तिकडचा शेल ते दुसऱ्यांदा वाचतो. दोन चाळण्या आहेत.

हे करून बघा, यात धोका काही नाही. 'एसएसएच शाखा४' लिहा आणि पुढे दुहेरी अवतरणात 'एको डॉलर होस्टनेम'. उत्तरात तुमच्याच लॅपटॉपचं नाव येईल. आता दुहेरी अवतरण काढून एकेरी घाला. आता शाखेच्या मशीनचं नाव येईल. दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह तुमच्या घरीच उलगडलं गेलं, एकेरीत ते झाकलेलं राहिलं आणि तिकडे जाऊन उघडलं.

आता हेच धोक्याच्या कमांडीत बघा. समजा 'डॉलर जुनेफोल्डर' हे नाव फक्त शाखेच्या स्क्रिप्टमध्ये ठरवलेलं आहे आणि मी दुहेरी अवतरणात लिहिलं की या फोल्डरपुढे तिरकी रेघ आणि चांदणी, सगळं पुसून टाक. माझ्या मशीनवर त्या नावाला किंमतच नाही, म्हणून तिथे रिकामं उलगडतं. शाखेकडे जातं ते 'तिरकी रेघ चांदणी पुसून टाक', म्हणजे मुळापासून सगळं. रूट (सगळे हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन असाल तर पुढचं सांगायला नको. बॅश या लिनक्सच्या नेहमीच्या शेलमध्ये महिरपी कंसात नाव, मग अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह असं लिहिलं की नाव रिकामं असेल तर कमांड तिथेच थांबते. पुसण्याच्या प्रत्येक कमांडीत मी आता तसंच लिहितो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन जुन्या फायली काढायच्या होत्या. एसएसएच, शाखेचं नाव, सीडी बॅकअप, मग दोन अँपरसँड आणि आरएम, असं सलग लिहिलं आणि अवतरण घातलंच नाही. माझ्या शेलने ती ओळ अँपरसँडपाशी तोडली. 'सीडी बॅकअप' शाखेत जाऊन चालली, संपली, आणि फायली पुसणारी अर्धी ओळ माझ्या लॅपटॉपवर, मी ज्या फोल्डरमध्ये उभा होतो तिथे चालली. त्यात महिन्याचे अहवाल होते. त्यांची दुसरी प्रत होती म्हणून वाचलो.

शाईपेन

खूप छान सांगितलंत. विंडोजवाल्यांसाठी भर घालते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ओपनएसएसएच विंडोजमध्येच मिळतं, ऐच्छिक घटक म्हणून जोडून घ्यायचं. पण दुसऱ्या टोकाला विंडोजचं मशीन असेल तर तिकडची दुसरी चाळणी मुळात सीएमडी हा विंडोजचा जुना शेल असते, आणि सीएमडीला एकेरी अवतरण हे अवतरण वाटतच नाही. लिनक्सवर जपून लिहिलेली ओळ तिथे भलतीच वाचली जाते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) ओपनएसएसएचचा डीफॉल्ट शेल बदलून पॉवरशेल हा नवा शेल करता येतो. आमच्याकडे सगळ्या मशीनांवर आम्ही तेच केलंय.

पॉवरशेलचं स्वतःचं रिमोटिंगही आहे. ते विनआरएम या विंडोजच्या सेवेवर चालतं, पोर्ट ५९८५, आणि टीएलएस कूटलेखनासह ५९८६. 'इन्व्होक-कमांड' ला मशीनांची यादी दिली की ते एका वेळी ३२ मशीनांपर्यंत कमांड पाठवतं. त्यात नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा म्हणजे दुसरी उडी. तुम्ही 'अ' वरून 'ब' वर कमांड चालवली आणि तिला 'क' वरच्या शेअर फोल्डरमधली फाईल हवी असेल तर प्रवेश नाकारला जातो. तुमची ओळख 'ब' पर्यंतच पोचलेली असते, पुढे नेलेली नसते. हक्क बरोबर असतानाही नकार येतो, म्हणून माणूस दिवसभर हक्कच तपासत बसतो.

कोरी_पाटी

शाईपेन ताई, धन्यवाद. आणखी एक शंका. हाताने लॉगिन होऊन जी कमांड चालते तीच एसएसएचच्या ओळीत बाहेरून दिली की 'कमांड सापडली नाही' असं येतं. असं का?

रात्रपाळी

लॉगिन होता तेव्हा शेल प्रोफाईलची फाईल वाचतो आणि त्यात तुमचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) ठरतो. बाहेरून एकच कमांड दिली की तो लॉगिन शेल नसतो, प्रोफाईल वाचलीच जात नाही. उबुंटू-डेबियनवर बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाईलच्या सुरुवातीलाच 'समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर' अशी ओळ असते, म्हणून त्याखाली लिहिलेलंही कामाला येत नाही. सोपा उपाय म्हणजे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहायचा.

आणि सूडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणारा प्रोग्राम) पासवर्ड विचारायला टर्मिनल मागत असेल तर एसएसएचला छोट्या 'टी'चा पर्याय द्या. टॉप, नॅनो अशा पूर्ण पडदा वापरणाऱ्या प्रोग्रामांनाही तोच लागतो. त्याचा दुसरा परिणाम लक्षात ठेवा. 'टी' असेल तर कंट्रोल-सी तिकडच्या कमांडीपर्यंत पोचतं. नसेल तर कंट्रोल-सीने तुमच्याकडचं एसएसएच मरतं, तिकडची कमांड बऱ्याचदा चालतच राहते. 'मी थांबवली होती' असं सांगणारे दोघं-तिघं मी पाहिलेत. ती थांबलेली नव्हती.

घाटवाट

हा मुद्दा मोलाचा. तारेबद्दलच पुढे लिहितो. टर्मिनलशी बांधलेला प्रोग्राम संपर्क तुटला की 'हँगअप' सिग्नल घेऊन मरतो. पावसाळ्यात घाटाखालचं इंटरनेट तासातासाला जातं, त्यामुळे लांबलचक काम उघड्या टर्मिनलवर चालवायचं नाही हा माझा नियम आहे. टीमक्स किंवा स्क्रीन आधी, काम नंतर. स्क्रीन १९८७ पासूनचं आहे, टीमक्स २००७ चं. तार तुटली तरी सत्र तिकडे जिवंत राहतं, परत लॉगिन होऊन जोडून घ्यायचं.

नोहप (हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) आणि शेवटी, काम मागे चालू राहावं म्हणून, अँपरसँड लिहूनही काम भागतं. पण बाहेरून एका ओळीत दिलं तर एसएसएच परत येत नाही, अडकून बसतं, कारण त्या प्रोग्रामचं आउटपुट अजून तुमच्या तारेला जोडलेलं असतं. इनपुट, आउटपुट आणि एरर तिन्ही दुसरीकडे वळवले की लगेच सुटतं.

सत्र गोठलं तर खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड, मग टिंब. एसएसएच तिथल्या तिथे तोडून देतं.

नोड२२

मी पुण्यात आयसरला संशोधन करते, आमचं काम परम ब्रह्म या महासंगणकावर चालतं. महासंगणकावर या सगळ्याला वेगळं वळण आहे, म्हणून लिहिते. एसएसएचने आपण पोचतो तो लॉगिन नोड (आत शिरायचं मशीन), आणि तो सगळ्यांचा मिळून असतो. तिथे टीमक्स उघडून त्यातच आकडेमोड सुरू केली तर बाकी सगळ्यांचं लॉगिन जड होतं. काम एका स्क्रिप्टमध्ये लिहून स्लर्म या कामांची रांग लावणाऱ्या प्रोग्रामकडे द्यायचं, तो क्रमांक देतो आणि जागा मिळेल तेव्हा आतल्या नोडवर चालवतो. मग लॅपटॉप मिटून घरी गेलं तरी फरक पडत नाही.

कुठल्याही मोठ्या यंत्रणेवर लॉगिन नोड एकाहून जास्त असतील तर टीमक्सचं सत्र ज्या नोडवर उघडलं तिथेच असतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नोडवर उतरलात तर 'माझं सत्र गेलं' असं वाटतं. ते गेलेलं नसतं, शेजारी असतं. होस्टनेम लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

ओतानिएमीकर

मी गेली काही वर्षं फिनलंडमध्ये एस्पोला राहतो. इथल्या ओतानिएमीच्या आवारात तेव्हाचं हेलसिंकी तंत्रविद्यापीठ होतं, आता ते आल्टो विद्यापीठात सामील झालंय. १९९५ साली त्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर जाणारे-येणारे पासवर्ड चोरून टिपले गेले. टेलनेट आणि आरलॉगिन या तेव्हाच्या दूर लॉगिनच्या सोयींवर पासवर्ड उघडा जायचा, मधल्या कुणालाही वाचता येईल असा. तिथल्या तातू इलोनेन या संशोधकाने त्या प्रकारानंतर एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी सगळ्यांना खुलं केलं. बावीस नंबरचं पोर्ट त्याने मागून घेतलं. फायली पाठवण्याच्या एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३, मधलं मोकळं होतं. आज आपण बहुतेक वापरतो ते ओपनएसएसएच ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी १९९९ मध्ये आणलं.

एसएसएचच्या आधी बीएसडी युनिक्सवर दूर कमांड चालवायला आरएसएच होतं. त्यात 'या मशीनवरून आलेल्याला पासवर्ड विचारू नका' अशी यादी ठेवायचे. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिस वर्म (मशीनामागून मशीनात आपोआप पसरणारा प्रोग्राम) ज्या वाटांनी पसरला त्यातली एक ही विश्वासाची यादी होती. एक मशीन पडलं की त्याच्यावर विश्वास ठेवणारी बाकीची दारं आपोआप उघडी.

हे सांगायचं कारण असं की कीज वापरून आपण तशीच यादी पुन्हा उभी करू शकतो. एकच की चौदा शाखांत, तीही पासफ्रेजशिवाय (कीवर लावायचा पासवर्ड), एका सामाईक मशीनवर ठेवलेली असेल तर कूटलेखन कितीही भक्कम असो, आपण परत १९८८ मध्येच आहोत.

घाटवाट

ओतानिएमीकर, हे मनापासून पटलं. बॅकअपसाठीची की पासफ्रेजशिवाय ठेवावी लागते, रात्री दोन वाजता टाईप करायला कोणी नसतं. म्हणून शाखेच्या ऑथराइज्ड कीजच्या फाईलमध्ये (आत घ्यायच्या कीजची यादी) त्या कीच्या आधी ठरलेली कमांड लिहून ठेवली आहे. त्या कीने कोणीही आलं आणि काहीही मागितलं तरी फक्त बॅकअपचीच स्क्रिप्ट चालते. कोल्हापूरच्या मशीनमधून पुढे जायचं असेल तेव्हा एजंट (माझ्या कीज हाताळणारा प्रोग्राम) फॉरवर्ड करत नाही, एसएसएचचा मोठ्या 'जे'चा पर्याय वापरतो. ओपनएसएसएचच्या २०१६ मधल्या ७.३ आवृत्तीपासून तो आहे. एजंट पुढे नेला की मधल्या मशीनचा रूट तुमच्या नावाने पुढची दारं उघडू शकतो.

नवीन मशीन बसवलं की पहिल्या लॉगिनला त्या मशीनच्या कीचा ठसा (ते मशीन तेच आहे हे ओळखायची अक्षरं) दाखवून पुढे जायचं का ते विचारलं जातं, त्याला डोळे झाकून 'येस' म्हणू नका. मी शाखेतल्या काकांना फोन लावतो, ते तिकडच्या पडद्यावरून ठसा वाचतात, 'मोठा के, छोटा के, सात, अधिक'. त्रेचाळीस अक्षरं असतात. पहिल्यांदा दहा मिनिटं गेली होती, आता काका सरावलेत, तीन मिनिटांत होतं.

कोरी_पाटी

चौदा शाखांत एकच कमांड एकदम कशी देता? मी यादीची फाईल ओळीओळीने वाचणारा लूप लिहिला. पहिल्या शाखेत चालला आणि गपचूप संपला, एररही नाही.

शाईपेन

एसएसएचने तुमची यादी गिळली. लूप ज्या इनपुटमधून ओळी वाचतो तेच इनपुट एसएसएचलाही मिळतं आणि पहिलंच एसएसएच उरलेल्या सगळ्या ओळी तिकडे पाठवून मोकळं होतं. एसएसएचला छोट्या 'एन'चा पर्याय द्या, ते इनपुट वाचणार नाही.

सोबत बॅचमोड 'येस' करा म्हणजे पासवर्ड विचारत थांबणार नाही, आणि कनेक्टटाइमआउट दहा सेकंद ठेवा, नाहीतर एक बंद शाखा बाकीच्यांना खोळंबून ठेवते. परतीचा आकडा नोंदवा. तिकडची कमांड जो आकडा देईल तोच एसएसएच देतं, पण २५५ आला तर बहुतेक वेळा कमांड चुकलेली नसते, तुम्ही तिकडे पोचलेलाच नसता. या दोन्हींना एकच 'अयशस्वी' म्हणून नोंदवलं की दुरुस्ती भलत्या जागी सुरू होते. मशीनं वाढली की अनेक मशीनं एकदम सांभाळणारं अ‍ॅन्सिबल शिका. तेही आतून एसएसएचच वापरतं, आणि आपणहून एका वेळी पाचच मशीनं घेतं.

रात्रपाळी

आता मूळ दुखण्याकडे येतो, म्हणजे स्वतःचीच फांदी तोडणारी कमांड. राउटरवाल्यांकडे याची जुनी रीत आहे. सिस्कोवर काही बदलण्याआधी 'रीलोड इन १०' देतात. बदल फसला आणि बाहेर फेकले गेलात, तर दहा मिनिटांनी राउटर स्वतः परत चालू होतो आणि साठवलेला जुना आराखडा घेतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल'. जुनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे, दहा मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर बदल आपोआप मागे. मायक्रोटिकवर सेफ मोड, सत्र तुटलं की बदल रद्द. उबुंटूत 'नेटप्लॅन ट्राय' १२० सेकंद वाट बघतं. आयपीटेबल्ससाठीही 'आयपीटेबल्स-अप्लाय' आहे, ते नवे नियम लावून विचारतं आणि उत्तर आलं नाही तर जुने परत आणतं.

एसएसएचच्या सर्व्हरचीच सेटिंग बदलत असाल तर आधी 'एसएसएचडी' ला छोट्या 'टी'ने तपासायला सांगा. सर्व्हिस परत चालू केली तरी उघडं सत्र तुटत नाही, म्हणून ते उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन करून बघा. ते झालं तरच पहिलं सोडा.

तारांगण

घाटवाट, तुमचा किस्सा वाचताना मला नासाचं व्हॉयेजर २ हे अंतराळयान आठवलं. २१ जुलै २०२३ ला त्याला पाठवलेल्या कमांडींच्या संचात चूक होती आणि त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला फिरली. तेवढ्याने संपर्क गेला. अंतर जवळपास १,९९० कोटी किलोमीटर, तिथे जाऊन बटण दाबणारं कोणी नाही. नासाच्या लोकांनी कॅनबेराच्या केंद्रातून जोरकस संदेश पाठवला, अँटेना सरळ करायचा. तो पोचायला साडेअठरा तास, ऐकला की नाही ते कळायला आणखी तेवढेच. ४ ऑगस्टला उत्तर आलं.

पण तो संदेश पोचला नसता तरीही आशा होती, आणि मला त्यातलं हेच सर्वांत आवडतं. वर्षातून काही वेळा ते यान आपणहून दिशा तपासून अँटेना पृथ्वीकडे वळवतं, तशी सोय आधीच करून ठेवलेली आहे. पुढची तारीख १५ ऑक्टोबर होती. रात्रपाळी म्हणतात तो 'रीलोड इन १०' आणि हे, दोन्हींमागे विचार एकच आहे.

कोरी_पाटी

अंगावर काटा आला वाचून. चुकीच्या मशीनवर कमांड जाऊ नये म्हणून काय करता? माझ्याकडे एका वेळी पाच खिडक्या उघड्या असतात.

रात्रपाळी

ही भीती खरी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तरी सुमारे ३०० जीबीतले साडेचारच जीबी उरले होते. त्यांनी सगळं जाहीरपणे लिहून काढलं, तो अहवाल मी नव्या मुलांना वाचायला देतो.

मुख्य मशीनांचा प्रॉम्प्ट लाल, चाचणीच्यांचा हिरवा ठेवा. डेबियन-उबुंटूवर मॉलीगार्ड नावाचं पॅकेज टाका. एसएसएचवरून कोणी शटडाउन किंवा रीबूट दिलं तर ते मशीनचं नाव टाईप करायला लावतं. नाव चुकलं की काम होत नाही.

घाटवाट

आज त्याच शाखेत परत गेलो, एसएसएचवरूनच.

आधी 'आयपीटेबल्स-सेव्ह' ने चालू नियम एका फाईलमध्ये घेतले. मग 'अ‍ॅट' ला सांगितलं की पाच मिनिटांनी ती फाईल 'आयपीटेबल्स-रिस्टोर' ने परत भर. प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिला. 'एटीक्यू' देऊन काम रांगेत लागलंय हे डोळ्यांनी बघितलं. मूळ धोरण 'अ‍ॅक्सेप्ट' केलं, त्यानंतर फ्लश, मग नवे नियम, आणि 'ड्रॉप' सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं.

पहिल्या खेपेला मुद्दाम रांगेतलं काम रद्द केलं नाही. परतीची वाट खरंच उघडते का ते बघायचं होतं. घड्याळ समोर ठेवलं. पाच मिनिटं झाल्यावर नियमांची यादी पाहिली, जुने परत आले होते. मग सगळं पुन्हा केलं, या वेळी 'एटीआरएम' देऊन काम काढलं आणि नवे नियम साठवले.

कोरी_पाटी

माझ्या मशीनवर 'अ‍ॅट' नाहीच असं दाखवतंय.

घाटवाट

बऱ्याच ठिकाणी आता ते आपोआप येत नाही. पॅकेज टाका आणि एटीडी सर्व्हिस चालू आहे ना ते बघा, नाहीतर काम रांगेत पडून राहतं आणि चालत नाही. नाहीतर 'सिस्टमडी-रन' ला 'ऑन-अ‍ॅक्टिव्ह' मध्ये ३०० सेकंद द्या, सूडोसह. रद्द करायचं असेल तर ते ज्या टायमरचं नाव छापतं तो थांबवायचा. नाव लिहून घ्या.

उरलेल्या तेरा शाखा मी रोज दोन अशा करणार आहे, शाखा उघडी असताना, तिकडे कोणीतरी फोनवर असताना.